राघो तांडेल आणि पाठचा वारा

कुठलीही मोटर बघायची झाली की राघो तांडेल आधी तिच्या मागे जाऊन उभा राहायचा. बाकीचे लोक पुढे जमायचे, बॉनेट वर करायचे, माना आत घालायचे. हा मागे. एक हात कमरेवर, डोळे बारीक, आणि दुसऱ्या हाताचं बोट जिभेला लावून कानामागे टेकवलेलं. कुणी हसलं तर म्हणायचा, "पुढून सगळ्याच गाड्या चांगल्या दिसतात."

परवा इथे कोल्हापुरात, आमच्या बॉडी बांधायच्या कारखान्यात, घाटात चालणाऱ्या एका ट्रकला जादा रेडिएटर कुठे बसवायचा यावरून दोन मिस्त्र्यांची जुंपली. एक म्हणत होता, असलेल्याच्या पुढ्यात लावू, वारा तिथेच लागतो. दुसऱ्याला तो केबिनच्या बाजूला हवा होता. मी पत्रा कापणारा, मला कोण विचारणार. पण हातातली कातर थांबली. मनात आलं, अरे बाबांनो, आधी विचारा तरी की ही गाडी कुठल्या घाटाने जाते, कितीच्या सुमाराला जाते आणि त्या वेळी तिथे वारा कुठून येतो. हे प्रश्न माझे नव्हेत. तांडेलचे आहेत. मी फक्त सांभाळून ठेवलेत.

लिहिणं हा माझा धंदा नाही. सहावीत शाळा सुटली ती सुटलीच, तेव्हा कुठे चुकलंमाकलं तर वाचणाऱ्याने पोटात घालावं. पण या माणसाबद्दल आपण नाही लिहिलं तर कोण लिहिणार, ही काळजीही बरीच वर्षं लागून राहिली आहे.

मी तापीकाठचा. गावातल्या एका मुकादमाबरोबर रस्त्याच्या कामावर कोकणात आलो. डांबराची रिकामी पिंपं कापून चपटी करायची, असलं काम. पोलादपूरच्या अलीकडे ते संपलं आणि मुकादम माणसं घेऊन परत गेला. मी नेमका तापाने पडलेलो, म्हणून मागे राहिलो. उठून महाडला आलो आणि पत्र्याच्या एका दुकानात बादल्या-घमेली करायला लागलो. त्या दिवसांत मला सगळ्याची धास्ती असायची. सावित्रीच्या पाण्याची, पावसाची, मालक उद्या नको म्हणेल याची. तोंडून 'आहे'च्या जागी गावाकडचं 'शे' निघालं की दुकानात हसू फुटायचं, म्हणून मी बोलायचाच कमी.

तांडेल एकदा गळकी बादली घेऊन आला. मी कथलाचा डाग देत होतो, तो बघत बसला. कुठला, काय, विचारलं. मी भीत भीत सांगितलं. मालकाला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "आमच्या गलबतावर घाटावरचा एक पोरगा होता. पाण्याला जाम भ्यायचा. पण त्याने बांधलेली गाठ कधी सुटली नाय. भिणारा माणूस गाठ नीट मारतो." आणि बादली घेऊन गेला. त्या दिवसापासून दुकानात मला हसायचे ते थोडे कमी झाले.

तो मूळचा दासगावचा. बापजाद्यांपासून गलबत. भात, लाकूड भरून सावित्रीतून बाणकोटच्या खाडीला लागायचं, पुढे मुंबई, येताना कौलं नाहीतर मीठ. मग रस्ते झाले, लॉऱ्या आल्या. नदीत गाळही चढत गेला. माल मिळेनासा झाला. गलबत चिखलात टेकून राहिलं. बाणकोटचा कुणी ते आहे तसं घ्यायला तयार होता, तर याने दिलं नाही. दुसऱ्याच्या हातात ते वाकडं चाललेलं आपल्याला बघवणार नाही, म्हणाला, आणि स्वतः कुऱ्हाड घेऊन मोडलं. मोडताना दासगावचे लोक काठावर उभे होते, असं काकी, म्हणजे त्याची बायको, सांगायची.

आणि मग, ज्या लॉऱ्यांनी गलबत बंद पाडलं त्यांतलीच एक चालवायला हा माणूस शिकला. केस पिकायला लागल्यावर. लोकांनी टिंगल केली. महाडला भातगिरणी असलेले भाऊशेठ यांच्याकडे लढाईच्या काळातली एक लॉरी होती, लिलावात घेतलेली. तिच्यावर हा ड्रायव्हर लागला. जुनी सीट फाटली होती ती काढून त्याने तिथे गलबताची एक फळी बसवली. वर गादी नाही, काही नाही. शेठ म्हणाले, अहो, पाठ मोडेल. हा म्हणाला, पाठीला ओळखीची आहे.

हॉर्न वाजवायचा नाही. खिडकीतून डोकं काढून, गलबतावरून दुसऱ्या गलबताला घालतात तशी "हो-ओ-ओ" अशी हाक घालायचा. घाटात ती हाक खालच्या वळणापर्यंत जायची आणि समोरचा गाडीवाला बैलांसकट कडेला व्हायचा.

दर रविवारी मला दासगावला जेवायला बोलवायचा. काकी वाटण लावून मासे करायची, भाताचा ढीग वाढायची. मी तोंड वाकडं करत नव्हतो, देवाशप्पथ, पण त्याच्या लक्षात आलं. पुढल्या खेपेला घाटावरून येताना गाडीच्या हत्याराच्या पेटीतून ज्वारी घेऊन आला. पान्यांच्या तेलाचा वास लागलेली. काकीला तांदळाच्या भाकरीचा हात. ज्वारीची काही केल्या थापता येईना, तव्यावर टाकेपर्यंत तिचे तुकडे. काकी चिडली. तांडेल तिला म्हणाला, "मोडू दे गो. मोडकी पण त्याच्या घरचीच हाय." ते तुकडे मी जेवलो. त्यानंतर पेटीत ज्वारी नाही अशी खेप मला आठवत नाही.

इतकं सगळं चांगलं सांगतोय म्हणून तो गोड माणूस होता असं कुणी समजू नये. गोड अजिबात नव्हता. आडमुठा होता. शेठनी एक सांगावं आणि याने उलटं करावं असं नव्हे, पण शेठनी का सांगितलं ते पटल्याशिवाय हात हलायचा नाही. गाडीत माल किती भरायचा यावरून तर कायमची लढाई. गलबत किती बुडालं की बस म्हणायचं, याची बाहेरून एक रेघ असते. याने लॉरीला तशी रेघ काढली. मागच्या स्प्रिंगच्या पाट्याजवळ, चेसीवर, चुन्याने. माल चढत गेला की पाटे दबतात, चेसी खाली येते. रेघ चाकाच्या अमुक एका जागेशी आली की हा खाली उतरायचा आणि हमालांना थांबा म्हणायचा. एकदा शेठनी मुद्दाम वर आणखी पोती टाकायला लावली. तांडेलने ती एकेक करून खाली काढली, रस्त्याच्या कडेला रचली आणि त्यांवरच बसून विडी पेटवली. शेठ गिरणीच्या दारात उभे.

"गाडी कुणाची, तांडेल?"

"तुमची, शेठ."

"मग?"

"किती भरायची ते गाडी सांगते. मी नाय, तुमी पण नाय."

शेठ आत गेले. पोती तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खेपेला गेली.

आता मुख्य गोष्ट सांगतो.

उन्हाळ्यात महाबळेश्वरला सीझन असतो. हॉटेलांना तांदूळ लागतो. भाऊशेठांची लॉरी महाडहून पोलादपूर, कापडे आणि मग आंबेनळीचा घाट चढून वर तांदूळ न्यायची. पोलादपूरपर्यंत गाडी शहाण्यासारखी चालायची. कापडे मागे टाकून चढ लागला की तापायची. अर्ध्या घाटात पाणी उकळायचं, बॉनेटमधून वाफेचा लोट निघायचा, की थांबा. तिथे एक झरा होता. धनगरवाड्यावरची बायजा ढेबे झऱ्याशी ताकाचं मडकं घेऊन बसायची. ड्रायव्हरांनी झऱ्याचं पाणी रेडिएटरला पाजायचं आणि स्वतः बायजाचं ताक प्यायचं, असा त्या घाटाचा रिवाज पडला होता. पण आमची लॉरी एकदा थांबली की तासन्तास निवायचीच नाही. कधी कधी दोनदा-तीनदा थांबायची. हॉटेलवाले कंटाळले. शेठ वैतागले. वाईचा एक व्यापारी लॉरी विकत घ्यायला तयार होता. देऊन टाकतो, म्हणाले.

ही गाडी गेली असती तर तांडेलला या वयात दुसरी कुणी दिली नसती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मुलगा मुंबईला गिरणीत होता. ये म्हणून निरोप पाठवायचा. तांडेल एकदा जाऊन खोली बघून आला होता. "चारी बाजूंनी भिंत," एवढंच बोलला होता. लॉरीची गोष्ट निघाली तेव्हा फळीवर थाप मारून म्हणाला, "एक मोडलं मी माझ्या हाताने. हिला हात लावू देणार नाय कुणाला."

महाडला हुसेनभाई म्हणून फिटर होते. चांगला हात, तिखट जीभ. त्यांनी भंगारातल्या एका जीपचा रेडिएटर काढून दिला. जुन्याला हा जोडायचा, पाणी दोन्हींतून फिरेल, निवेल. प्रश्न एकच, बसवायचा कुठे. हुसेनभाई म्हणाले, पुढे, जुन्याच्या समोर. तांडेलला ते पटेना. वारा उंचावर असतो, म्हणाला. शीड कुणी खाली नाळेला, गलबताच्या पुढच्या टोकाला, बांधतं का? त्याने तो केबिनच्या टपावर बसवायला लावला. ही त्याची चूक. गलबतावर जन्म काढलेला माणूसच ती करणार. रबरी नळ्या काचेच्या बाजूने वर नेल्या. लॉरी अशी दिसत होती की कापड्याची माणसं शेतातलं काम टाकून बघायला आली.

पहिल्याच चढावर गाडी पूर्वीपेक्षा लवकर उकळली. पाणी वर चढतच नव्हतं, नळीत हवा कोंडली होती. झऱ्याशी थांबलो. मी त्या दिवशी बरोबर होतो, नळ्यांच्या जोडांना डाग मी दिला होता म्हणून. शेठही होते, पांढरंशुभ्र धोतर नेसून. तांडेल निवायची वाट बघत होता. शेठना दम निघाला नाही, उपरण्याने धरून त्यांनी पुढचं झाकण पिरगाळलं. त्याच वेळी कोंडलेली हवा सुटली आणि टपावरचं सगळं पाणी त्या झाकणातून उसळून शेठांच्या अंगावर. नशीब, ते वरचं पाणी कोमट होतं. धोतर गंजाच्या रंगाचं झालं. बायजा मडक्यावर फडकं टाकून इतकी हसली की शेठ तिच्याकडे पाठ करून उभे राहिले.

तांडेल हसला नाही. टपाकडे बघत म्हणाला, "चुकलं." मग म्हणाला, "पुढची जागा बघू."

पुढची जागा हुसेनभाईंची. जुन्या रेडिएटरच्या समोर. सपाटीवर गाडी अशी थंड चालली की बॉनेटवर हात ठेवून झोपावं. हुसेनभाई मिशीतल्या मिशीत हसत होते. घाट लागला आणि पुन्हा तेच. उलट आता पहिल्याची गरम हवा दुसऱ्याच्या तोंडावर. झऱ्याच्याही अलीकडे वाफ.

शेठ म्हणाले, आता पुरे, वाईवाल्याला बोलावतो. हुसेनभाई म्हणाले, तांडेल, तू पहाटे निघत जा, गारव्यात चढेल. ही गोष्ट खरीच होती. पहाटे वारा वरून खाली उतरतो, गाडीच्या तोंडावर येतो. कुणालाही पटेल असा तोडगा. आणि तो ऐकून तांडेल इतका चिडला की मी त्याला तसा त्याआधी बघितला नव्हता.

"जन्मभर तेच केलं," तो म्हणाला. "भरती कधी, ओहोटी कधी, वारा कधी पडतो, कधी फिरतो. पोरगी आजारी होती, तेव्हा पण नदीच्या तोंडाशी भरतीची वाट बघत बसलो होतो. इंजिनावर कशाला आलो मग? हिच्यावर मी वाट बघणार नाय."

पोरीबद्दल मी त्याआधी ऐकलं नव्हतं. नंतरही नाही. काकीला विचारायचा धीर झाला नाही.

पुढची खेप भर दुपारचीच झाली. मी केबिनमध्ये शेजारी बसलो होतो. चढ लागला, गाडी माणसाच्या चालीने रांगायला लागली. तांडेलच्या ओठात विडी. त्याने धूर सोडला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. मग गाडी चालवता चालवताच मला म्हणाला, "खानदेश्या, धूर बघ."

मी बघितलं. धूर खिडकीतून बाहेर पडत होता आणि मागे जायच्या ऐवजी गाडीच्या पुढे निघून जात होता.

"आपल्या आधी महाबळेश्वरला पोचणार हा," तो म्हणाला. त्याने बोट ओलं करून कानामागे लावलं, वारा कुठून लागतो ते बघायला. गाडी झऱ्याशी उकळून थांबली तरी त्याला पर्वा नव्हती. खाली उतरून तो मागे गेला, खालच्या दरीकडे, समुद्राच्या दिशेला तोंड करून उभा राहिला. सदरा अंगाला चिकटला होता. त्याने मला समजावलं. दुपारचा वारा खाडीवरून निघतो, सावित्रीच्या खोऱ्यातून आत शिरतो आणि घाटाच्या अंगाने वर चढतो. आपणही वरच चाललोय, आणि त्याच्यापेक्षा हळू. पंखा पुढून हवा ओढतोय आणि वारा मागून ढकलतोय. दोघांच्या मध्ये इंजिन घुसमटतंय. गलबतावर वारा पाठीवर असला की असंच असतं, धूर नाळेकडे जातो. "एवढे दिवस मी पुढे बघत बसलो. दरवाजा मागे पायजे."

त्या दुपारी त्याने रस्त्याच्या धुळीत काडीने आकृती काढली. दुसरा रेडिएटर केबिनच्या पाठीमागे, डाव्या अंगाला उभा. आणि त्याला पत्र्याचं एक मोठं सूप, बॉडीच्या कडेबाहेर निघालेलं, तोंड मागे. मागून आलेला वारा सुपात भरणार, वळणार, रेडिएटरमधून जाणार. उतरताना किंवा सपाटीला ते सूप फिरवून तोंड पुढे करायचं. खिळीवर फिरेल असं. ते मी करायचं होतं.

वाकलं तर? घाटात निघून कुणाच्या अंगावर पडलं तर? मालकाने दुकानात असलं काम करू दिलं नाही. म्हणून तांडेलच्या अंगणात केलं, डांबराच्या पिंपाचा पत्रा कापून. मी रिबिटा दुप्पट मारल्या. तांडेल बघत होता. म्हणाला, भी अजून, चांगलं होतंय. काकी सूप बघून म्हणाली, एवढ्या सुपात गावाचं भात पाखडून होईल.

हुसेनभाई आले, बघितलं, कपाळावर हात मारला. "गाडी कधी मागून श्वास घेते काय रे?" पण माणूस दिलदार. नळ्या त्यांनीच जोडून दिल्या. आणि तांडेलला न विचारता जुना रेडिएटर सोड्याच्या पाण्याने उकळून साफही केला. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

शेठनी एक खेप कबूल केली. फक्त एक. वाईचा व्यापारी सोमवारी येणार होता. पूर्ण भरलेली गाडी, दुपारची वेळ, आणि झऱ्याशी न थांबता प्रतापगडाच्या फाट्यापर्यंत चढली पाहिजे, नाहीतर सोमवारी चावी द्यायची. तांडेलने मान हलवली. पोती भरली ती रेघेपर्यंतच.

शेठ पुढे त्याच्या शेजारी फळीवर बसले. मी आणि हुसेनभाई मागे पोत्यांवर. माझा एक हात सुपाच्या दांडीवर. कापडे गेलं, चढ आला, तांडेलने खिडकीतून हात काढून खूण केली. मी सूप फिरवलं, तोंड मागे. वाऱ्याने ते असं भरलं की दांडी माझ्या हातात थरथरली. समोर, केबिनच्या खिडकीतून विडीचा धूर निघत होता आणि पुढे पळत होता.

हुसेनभाई नाकाने वास घेत होते. तापल्या रबराचा वास त्यांना दुरून कळायचा. एक वळण गेलं, दुसरं गेलं. ते काही बोलत नव्हते, हेच मला पुष्कळ होतं.

झरा आला. बायजा आवाज ओळखून आधीच रस्त्यात येऊन उभी. एका हातात पाण्याची कळशी, दुसऱ्यात ताकाचा पेला. गाडी हळू होईना तसं तिला कळेना काय करावं. "हो-ओ-ओ," तांडेलने हाक घातली. ती कडेला झाली. गाडी तिच्या पुढून निघून गेली.

"रे तांडेला," ती मागून ओरडली, "माझ्या ताकाचं काय करू?"

"झाकून ठेव गो. उतरताना येतो."

झऱ्याच्या वरचा चढ सगळ्यात वाईट. त्यातल्या शेवटच्या वळणावर मला सुईसारखा बारीक आवाज आला. हुसेनभाईंनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "आली वाफ." पुढून शेठांचा आवाज ऐकू आला, थांबवा म्हणून. पुन्हा आला, जोरात. गाडी थांबली नाही. तांडेल पहिल्या गियरमध्ये तशीच तिला चढवत राहिला. मी डोळे मिटून दांडी धरली होती. डोळे उघडले तेव्हा रस्ता सपाट झाला होता आणि फाटा समोर होता.

तिथे त्याने गाडी सावकाश वळवली, तोंड समुद्राकडे केलं, आणि थांबवली. झाकणाशी वाफेची एक बारीक रेघ होती. वारा आता समोरून आला, आणि आम्ही खाली उतरेपर्यंत ती रेघ विरून गेली.

शेठ उतरले. कंबर धरून उभे राहिले, त्या फळीने त्यांचे हाल केले होते. बोट दाखवून म्हणाले, "तांडेल, वाफ आली होती."

"आली," तांडेल म्हणाला. "गाडी पण आली."

शेठनी त्या सुपाकडे बघितलं. मग म्हणाले, "वाईवाल्याला नको म्हणून कळवतो मी. पण ते जरा रंगवून घ्या हो. लाज वाटते."

रंगवलं नाही. डांबराच्या पिंपाचा काळा पत्रा तसाच राहिला, शेवटपर्यंत.

उतरताना झऱ्याशी सगळ्यांनी ताक प्यायलं. शेठनी दोनदा. बायजा फुगून बसली होती. गाड्या थांबायच्या बंद झाल्या तर आपण कुणाला ताक पाजायचं, असं तिचं म्हणणं. तांडेलने तिला शब्द दिला की चढताना थांबणार नाही, पण उतरताना एकही दिवस चुकवणार नाही. माझ्या माहितीत त्याने चुकवला नाही.

गाडी चढली ती सुपाने चढली की जुना रेडिएटर साफ झाल्याने चढली, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. हुसेनभाई चारचौघांत छातीठोक सांगायचे की सगळी करामत सोड्याची. तांडेल ऐकून घ्यायचा. मग म्हणायचा, "बरं तर. उद्या सूप काढतो. तू बस फळीवर आणि ने वर." हुसेनभाई विषय बदलायचे. मला विचाराल तर मी सांगणार नाही. रिबिटा मी मारल्या होत्या, माझं मत धरू नका.

मी महाडला आणखी काही वर्षं होतो. मग कोल्हापुरातल्या या कारखान्याचं कळलं, त्यांना पत्र्याचा कारागीर हवा होता. घरापासून आणखी लांब. जाऊ की नको, दोन महिने झोप नाही. तांडेलला विचारलं तर म्हणाला, "विचारतोस म्हणजे जायचंय तुला. मग विचारतोस कशाला?" निघायच्या आदल्या दिवशी काकीने ज्वारीची भाकरी बांधून दिली. एव्हाना तिच्या भाकऱ्या मोडत नव्हत्या.

त्याला शेवटचा बघितला तो दुसऱ्या दिवशी, मी दुपारच्या बसने निघालो तेव्हा. बस भरलेली, घाट तोच. झऱ्याच्या जरा वर बस उकळली आणि उभी राहिली. माणसं उतरली, ड्रायव्हर बॉनेट उघडून शिव्या देत होता. तेवढ्यात खालून हाक आली. "हो-ओ-ओ." काळं सूप बाहेर काढलेली लॉरी वळणावरून वर आली. आमच्या बाजूने गेली. तांडेलने माझ्याकडे बघितलं, ओळख दिली आणि थांबला नाही. लोक चिडले. घाटात अडलेल्या गाडीला पाणी द्यायला थांबायचं असतं, हा काय माणूस आहे, असं एक जण म्हणालाही. मी मान खाली घातली.

थोड्या वेळाने वरच्या वळणावरून कुणी तरी चालत खाली येताना दिसलं. तांडेल होता. गाडी त्याने वर सपाटीला लावली होती आणि हातात पाण्याचा डबा घेऊन एवढा उतार पायी आला होता. वारा समोरून होता, सदरा छातीला चिकटलेला. बसच्या पुढे गेला नाही. सवयीने आधी मागे गेला, उभा राहिला, बोट कानामागे. मग डबा ड्रायव्हरच्या हातात दिला. "चढावर मी थांबत नाय," तो म्हणाला, कुणी विचारलं नव्हतं तरी. "आणि ही निवायला लागली की तोंड खाली वळवून उभी कर. पुढून सगळ्याच ठीक दिसतात."

त्याने माझ्या हातातली भाकरीची पुरचुंडी चाचपून बघितली, गाठ ओढून बघितली. घट्ट होती.

"जा," म्हणाला.

आणि रिकामा डबा घेऊन चढाला लागला. वारा आता त्याच्या पाठीशी होता. त्याने चालता चालता विडी पेटवली. धूर त्याच्या पुढे निघाला.